चौतीस मुले आणि सहा हात

मृगाच्या सरी पडून शाळांची दारे उघडली, की धर्मग्रामातील रविवारचे धर्मशिक्षणवर्गही पुन्हा भरू लागतात. नवी पुस्तके, नवी दप्तरे, नव्या छत्र्या आणि त्यांखाली तीच आपली जुनी मुले! अशा वेळी शिक्षकांना, धर्मशिक्षकांना आणि आईबापांना चार शब्द सांगावेत, असा ह्या सदराचा परिपाठ आहे. यंदा मात्र उपदेशाच्या आधी आम्हांला स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. कारण जे सांगणार आहोत ते त्या चुकीनेच आम्हांला शिकविले.

काही वर्षांपूर्वी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांचा वर्ग आमच्याकडे होता. पटावर मुले ३४. मिस्सा आटोपली की चर्चच्या पाठीमागील दालनात वर्ग भरे. आम्ही प्रश्न विचारीत असू, मुलांचे हात वर होत, उत्तरे येत आणि तास संपे. प्रश्नोत्तरी सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेत असू. तो सूर ऐकून रस्त्याने जाणारी माणसेही क्षणभर थांबत. वर्ग उत्तम चालला आहे, अशी आमची पक्की समजूत होती.

त्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. वडील दगडाच्या खाणीवर कामाला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगा कधी दंगा करीत नसे, कधी गैरहजर राहत नसे आणि कधी बोलतही नसे. सामुदायिक पठणाच्या वेळी त्याचे ओठ हलताना दिसत, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. सोहळा तीन आठवड्यांवर आला असता आम्ही एकेकाला जवळ बोलावून परीक्षा घेतली, तेव्हा आढळले की ह्याला प्रत्येक उत्तराचे शेवटचे दोन शब्द तेवढे येतात! ओठ हलत होते, एवढेच खरे. आम्ही यादीत त्याच्या नावापुढे ‘पुढील वर्षी’ असा शेरा लिहिला आणि यादी फादरांकडे नेऊन दिली. त्याच्या आईने उसनवारी करून पांढरा सदरा शिवून ठेवला होता, हे आम्हांला मागाहून कळले.

फादरांनी शेरा वाचला आणि मुलाला बोलावून घेतले. हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यांनी त्याला विचारली. पण मराठीत नव्हे, तर त्याच्या घरच्या कोंकणीत. क्षणभर मुलगा गप्प राहिला. फादरही गप्प राहिले. मग मुलाने गोष्ट सांगावयास आरंभ केला, ती थांबेचना. आजोबांची शेळी एकदा खाणीत पडली होती, तिला खांद्यावर घालून वर आणताना आजोबांचे गुडघे कसे फुटले होते, तेही त्याने त्या मेंढपाळाच्या गोष्टीत गोवून दिले. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून का गेला असेल, असे विचारता तो म्हणाला, की ते एकटे रडत असेल म्हणून. फादर आमच्याकडे वळून इतकेच बोलले, “मास्तर, याला सगळे येते. याला कोणी विचारले नव्हते.”

आम्ही तो शेरा तेथल्या तेथे खोडला. मुलगा इतरांबरोबर वेदीपुढे गेला. परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढल्या रविवारी आम्ही एका सहकारी धर्मशिक्षिकेला पट घेऊन मागे बसविले आणि जे मूल एकटे बोलेल त्याच्या नावापुढे एक रेघ ओढावी, अशी विनंती केली. तासाअखेर एकूण ४१ रेघा झाल्या. त्यांपैकी २९ रेघा अवघ्या ६ मुलांच्या होत्या, उरलेल्या १२ रेघा ९ मुलांत वाटल्या होत्या आणि १९ मुलांच्या नावांपुढे काहीच नव्हते. म्हणजे ज्याला आम्ही वर्ग म्हणत होतो, तो सहा मुलांशी चाललेला आमचा संवाद होता. बाकीची मुले त्या संवादाचे प्रेक्षक होती.

हा दोष आजचा नाही आणि आमच्या एकट्याचाही नाही. सुमारे इ. स. ४०० मध्ये कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या एका उपयाजकाने हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन ह्यांच्याकडे तक्रार केली, की नवख्यांना धर्मतत्त्वे सांगताना माझे बोलणे मलाच नीरस वाटू लागते. त्याला उत्तर म्हणून संतांनी एक छोटा ग्रंथच लिहिला. त्यात ते म्हणतात, की ऐकणारा गप्प उभा असेल, तर तो भक्तिभावाने गप्प आहे, की भिडेने, की त्याला काही समजलेच नाही म्हणून, हे बाहेरून कळत नाही. म्हणून त्याची भीड मोडावी, त्याला समजले की नाही हे प्रश्न करून पाहावे, आणि तो उभा राहून थकला असेल तर त्याला बसावयास आसन द्यावे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपांना जे दिसले, ते आम्हांला पट पुढे करून रेघा मोजाव्या तेव्हा दिसले!

संत जॉन बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) ह्यांना १९५० साली पोप बारावे पायस ह्यांनी सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांच्या काळी फ्रान्समधील गरिबांच्या शाळांत गुरुजी एकेका मुलाला जवळ बोलावून वाचावयास लावीत. तोवर बाकीची मुले रिकामी बसत. द ला साल ह्यांनी एका पायरीची सर्व मुले एकत्र बसविली, सर्वांच्या हाती एकच पुस्तक दिले आणि नियम घातला, की एक मूल मोठ्याने वाचीत असता इतरांनी हलक्या आवाजात तेच शब्द वाचीत राहावे; गुरुजी मध्येच कोणालाही पुढचे शब्द वाचावयास सांगतील. आपला पाळीचा क्षण केव्हाही येईल, ही जाणीव प्रत्येक मुलाच्या मनात जागी राहावी, हे त्यांतील मर्म होय.

ते मर्म ध्यानी धरून आम्ही जे उपाय करून पाहिले, ते आता क्रमाने सांगतो. त्यांत पैशाचा खर्च नाही. खर्च आहे तो धीराचा.

पहिला उपाय असा, की प्रश्न आधी विचारावा, नाव मागाहून घ्यावे. “अमक्या, तू सांग,” असे म्हणून प्रश्न केला, की उरलेली तेहतीस मुले सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रश्न सर्वांपुढे ठेवून थांबले आणि मग नाव घेतले, म्हणजे तेवढा वेळ तरी चौतीस डोकी कामाला लागतात.

ह्या थांबण्याचे महत्त्व फार आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो ह्यांनी वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि आपले निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले! तेवढ्यात उत्तर आले नाही, तर ते स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. शिवाय ज्यांना शिक्षक हुशार समजत त्यांच्यासाठी ते अधिक थांबत आणि मंद समजत त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ हवा त्यालाच तो मिळत नसे. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहणे कमी झाले, आणि मागे पडलेली म्हणून समजली गेलेली मुले बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काही मोठा काळ नव्हे. परंतु वर्गापुढे उभे राहून पाहिले, म्हणजे तो किती लांब वाटतो ते कळते. आम्ही एक युक्ती केली. प्रश्न विचारून झाला की मनातल्या मनात ‘येशू, मरिया, योसेफ’ अशी तीन पवित्र नावे सावकाश घ्यावयाची आणि मगच मुलाचे नाव उच्चारावयाचे. उत्तर आल्यावरही पुन्हा तीच तीन नावे. कारण पुष्कळदा मुलाचे खरे उत्तर पहिल्या वाक्यानंतरच्या शांततेत येते.

दुसरा उपाय पाटीचा. आपल्या पिढीला पाटी-पेन्सिल ही वस्तू ओळखीची आहे. पाटीवर लिहिलेले पुसता येते, म्हणून चुकीची भीती कमी. आणि चौतीस पाट्या एकदम वर उचलल्या, म्हणजे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात वर्गाचे मन दिसते. समजा, ५२ मधून १७ वजा करावयास सांगितले. एका हुशार मुलाने ‘पस्तीस’ म्हणून सांगितले, की आपण पुढे जातो. पण पाट्या वर करावयास सांगा. आठ-दहा पाट्यांवर ४५ दिसेल. त्या मुलांनी पाचातून एक आणि सातातून दोन काढले आहेत. म्हणजे हातच्याची कल्पना त्यांना समजलेली नाही. ही गोष्ट एका मुलाच्या बरोबर उत्तराने झाकली गेली असती. धर्मशिक्षणातही असेच आहे. ‘दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीतले कोण तुला सर्वांत अधिक आवडले, एका शब्दात लिही,’ असे सांगितले, तेव्हा एका मुलीने ‘गाढव’ असे लिहिले. वर्ग हसला. आम्ही कारण विचारता ती म्हणाली, की जखमी माणसाला त्यानेच वाहून नेले. तिने गोष्ट किती बारकाईने ऐकली होती, हे पाटीवाचून आम्हांस कधीच कळले नसते. इंग्लंडातील शाळांतून आता हातात मावतील अशा पांढऱ्या फळ्या ह्याच कामासाठी वापरतात, आणि आपण मात्र पाटी माळ्यावर टाकली!

तिसरा उपाय जोडीचा. प्रश्न विचारावा, अर्धा मिनिट प्रत्येकाने गप्प राहून विचार करावा, मग शेजाऱ्याला हळू आवाजात उत्तर सांगावे, आणि त्यानंतर वर्गापुढे बोलावे. अमेरिकेतील फ्रँक लायमन ह्यांनी १९८१ साली ही रीत शिक्षकांपुढे मांडली, तेव्हापासून ती सर्वत्र पसरली. परंतु मुलांनी मुलांना शिकविण्याची कल्पना आपल्या भूमीत फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एगमोर येथील अनाथ मुलग्यांच्या आश्रमात अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री काम पाहत असत. देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली. ही रीत त्यांनी आपल्या आश्रमात आणली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविले. १७९७ साली त्यांनी लंडनला त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि ती रीत ‘मद्रास पद्धती’ ह्या नावाने विलायतेत गाजली.

जोडीच्या रीतीत लाजाळू मुलासाठी एक सोय आहे. ‘तुझे उत्तर सांग’ असे न म्हणता ‘तुझ्या शेजाऱ्याने काय सांगितले ते सांग’ असे म्हणावे. दुसऱ्याचे शब्द सांगताना भीड वाटत नाही, आणि एकदा स्वतःचा आवाज वर्गात ऐकला, की मूल पुढल्या खेपेस आपले शब्द सांगू लागते.

चौथा उपाय चिठ्ठ्यांचा. एका डब्यात सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवाव्या आणि उत्तरासाठी चिठ्ठी काढावी. काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकावी; नाही तर ज्याचे नाव निघून गेले तो तासभर निर्धास्त होतो. इंग्लंडातील डिलन विल्यम ह्या शिक्षणतज्ज्ञांनी एका शाळेत हात वर करणे बंद करून काड्यांवर नावे लिहून असा प्रयोग केला. २०१० साली बी.बी.सी.ने तो दूरचित्रवाणीवर दाखविला. गंमत अशी, की एरवी सदैव हात वर करणारी हुशार मुलेच त्यात प्रथम नाराज झाली! आमच्या वर्गातही तसेच झाले. ती नाराजी सोसावी. मात्र एक पथ्य पाळावे. चिठ्ठी निघालेल्या मुलाला ‘मला थोडा वेळ द्या’ असे म्हणण्याची मुभा असावी, आणि शिक्षकाने दोन उत्तरांनंतर न विसरता त्याच्याकडे परत यावे. मुभा नसेल तर चिठ्ठी ही छडीच होते. परत येणे नसेल तर ती पळवाट होते.

गटात चर्चा करावयाची असेल, तर प्रत्येकाला तीन चिंचोके द्यावे. बोलले की एक चिंचोका मध्ये ठेवावयाचा. ज्याचे चिंचोके संपले त्याने इतरांचे संपेपर्यंत ऐकावयाचे. बडबड्याला ऐकण्याची आणि अबोल्याला बोलण्याची शिकवण एकाच मूठभर चिंचोक्यांत होते.

सामुदायिक पठण आम्ही सोडले नाही. पाढे, प्रार्थना आणि गीते एकत्र म्हणण्यातच शोभतात व पाठ होतात. पण एकत्र सुरात कोण म्हणतो आणि कोणाचे नुसते ओठ हलतात हे कळत नाही, ह्याचा अनुभव आम्ही घेतलाच आहे. म्हणून सर्वांचे म्हणून झाले, की एक रांग, मग दुसरी रांग, मग दोघे, मग एक, असे उतरत यावे.

ह्या सर्व उपायांचा प्राण मात्र एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे चुकीच्या उत्तराचे आपण काय करतो. वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर ते मूल वर्षभर बोलणार नाही. आणि त्याचे पाहून आणखी पाच गप्प होतील. ‘हे कसे काढलेस ते सांग पाहू’ असे शांतपणे विचारले, तर चुकीतूनच पुढचा धडा निघतो. त्याचप्रमाणे भाषेची अट सैल करावी. आपल्या ह्या सीमाभागात घरी कोंकणी किंवा मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी आणि चर्चमध्ये पुन्हा निराळी भाषा, अशा तीन-तीन उंबरठ्यांवरून मूल रोज ये-जा करते. त्याने उत्तर प्रथम घरच्या बोलीत द्यावे. मग सर्वांनी मिळून ते वर्गाच्या भाषेत मांडावे. विचार आणि भाषा ह्या दोन परीक्षा एकाच वेळी घेऊ नयेत.

काही मुलांच्या मौनाचे कारण शरीरात असते. एका कानाने कमी ऐकू येणे, फळा नीट न दिसणे, अडखळत बोलणे, ह्यांचा संशय येताच आईबापांशी बोलून डॉक्टरांना दाखवावे. अडखळणाऱ्या मुलाचा शब्द आपण पुरा करू नये. तो करील तोवर थांबावे. आणि घरी मोकळे बोलणारे मूल बाहेर एक अक्षरही काढीत नसेल, तर त्याच्यावर बळजबरी न करता जाणत्यांचा सल्ला घ्यावा.

“एवढे थांबत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कधी व्हावयाचा?” असे शिक्षकबंधू विचारतील. प्रश्न खरा आहे. परंतु आमचाही अभ्यासक्रम त्या वर्षी वेळेवर पुरा झालाच होता. तो आमचा झाला होता, शेवटच्या बाकाचा झाला नव्हता. ह्या बाबतीत इटलीतील एका धर्मगुरूंची आठवण होते. फादर लोरेंझो मिलानी ह्यांना १९५४ साली फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना नावाच्या वाडीवर पाठविण्यात आले. तेथील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. मागे पडलेल्या मुलाला तेथे सर्वांत अधिक मान असे. त्याला समजेपर्यंत इतर पुढे जात नसत. त्यांच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून १९६७ साली, गरिबांच्या मुलांना नापास करून घरी धाडणाऱ्या शाळेविषयी, एका शिक्षिकेस उद्देशून पत्राच्या रूपाने पुस्तक लिहिले. लिहिण्याची रीत अशी, की प्रत्येकाने आपले विचार सुट्या कागदांवर टिपावे, मग ते सर्व कागद मांडून सारखे विचार एकत्र लावावे, आणि एकेक वाक्य सर्वांनी मिळून तासावे. एकाचाही कागद वाया जात नसे. पुस्तक निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत, २६ जून १९६७ रोजी, फादर मिलानी आजाराने निवर्तले. पन्नास वर्षांनी, जून २०१७ मध्ये, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली.

आता आईबापांसाठी दोन शब्द. मुलाचे मौन कित्येकदा घरातच घडते. फादर दारात येऊन मुलाला नाव विचारतात आणि उत्तर आई देते! पाहुणे इयत्ता विचारतात आणि उत्तर वडील देतात! तेवढे तीन सेकंद घरीही थांबावे. रात्री जेवताना ‘आज काय शिकविले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज तू वर्गात काय बोललास?’ असे विचारून पाहावे. आपल्या पवित्र जपमाळेत तर ही शिकवण मुळातच आहे. पाच रहस्ये, ती घरातील पाच जणांनी चालवावी. त्यांत आजीचा कापरा आवाज असावा आणि धाकट्याचा बोबडाही असावा. धाकटा चुकला तर मागून कोणी दटावू नये. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता, असे संत लूक सांगतो. ज्या घरात मुलाचे बोलणे ऐकून घेतले जाते, त्याच घरातून असे मूल बाहेर पडते.

शेवटी शुभवर्तमानातील एक प्रसंग. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडू लागला, तेव्हा भोवतालच्या पुष्कळांनी त्याला गप्प राहावयास सांगितले. प्रभू मात्र थांबला, त्याने त्याला बोलाविले, आणि त्याला काय हवे ते त्याच्याच तोंडून वदवून घेतले. आंधळ्याला काय हवे हे प्रभूला ठाऊक नव्हते काय? तरी त्याने विचारले आणि उत्तराची वाट पाहिली.

शिक्षकबंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे, की येत्या आठवड्यात एका तासापुरता पट कोणाच्या तरी हाती द्यावा आणि रेघा मोजून घ्याव्या. ज्यांच्या नावापुढे रेघ नाही, त्यांची नावे एका कागदावर लिहून तो कागद प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवावा. आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील एकाला, घाई न करता, काहीतरी विचारावे.